चूक परवडेल एवढंच हेलिकॉप्टर

दिवाळीच्या सुट्टीत अनेक घरांत हा प्रसंग घडतो. मामानं हैदराबादहून आणलेलं रिमोटचं हेलिकॉप्टर रात्री बैठकीत झकास उडतं. सकाळी पोरं तेच अंगणात नेतात आणि ते ऐकेनासं होतं. वीतभर उठतं, रिमोटला दाद देत नाही, तुळशी वृंदावनाला धडकून आडवं होतं. ‘बिघडलं’ असा निकाल लागतो आणि ते कपाटावर जाऊन बसतं.

बहुतेक वेळा ते बिघडलेलं नसतं. स्वस्तातल्या हेलिकॉप्टरचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेड किरणांवर चालतो. आपल्याकडच्या लख्ख उन्हात हेच किरण भरपूर असतात. त्यांच्या गर्दीत रिमोटचा इशारा हेलिकॉप्टरला दिसतच नाही. शिवाय तळहाताएवढ्या यंत्राला अंगणातली एक झुळूकही भारी पडते. यंत्र चांगलं असतं, जागा आणि वेळ चुकलेली असते.

तेलंगणाच्या सीमेवरच्या धर्माबादसारख्या गावात हा छंद शिकवणारा क्लब नाही की दुरुस्तीचं दुकान नाही. पण रिकामी वावरं आहेत, हिवाळ्यातल्या शांत सकाळी आहेत आणि मोटारपंप खोलून पुन्हा जोडणारे हुशार हात घरोघरी आहेत. म्हणून हा लेख. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: हेलिकॉप्टर चुका करतच शिकावं लागतं, दुसरा रस्ता नाही. तेव्हा चूक परवडेल असंच यंत्र घ्या, चूक परवडेल अशीच जागा निवडा आणि चूक परवडेल एवढ्याच उंचीवर उडवा.

आधी यंत्र समजून घ्या

बोअरमधली पाणबुडी मोटार सुरू होताना पाइपला पीळ बसतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मोटार एका दिशेनं फिरते, तिचं अंग उलट दिशेनं फिरू पाहतं. हेलिकॉप्टरचंही तेच. डोक्यावरचा पंखा एका बाजूला फिरला की खालचं धड दुसऱ्या बाजूला गरगरू लागतं. हा पीळ मारायला शेपटीवर छोटा उभा पंखा बसवतात. इगोर सिकोर्स्की यांनी १९३९ साली अमेरिकेत उडवलेल्या व्हीएस-३०० या हेलिकॉप्टरनं ही रचना रूढ केली. आज आकाशात दिसणारी बहुतेक हेलिकॉप्टरं त्याच घडणीची आहेत.

दुसरा उपाय म्हणजे एकाच दांड्यावर एकाखाली एक असे दोन पंखे बसवायचे आणि त्यांना विरुद्ध दिशांना फिरवायचं. एकाचा पीळ दुसरा मारतो. याला कोॲक्सियल म्हणतात. नवशिक्यासाठीची खेळणी बहुतेक अशीच असतात, कारण ती स्वभावानंच स्थिर असतात.

शिकण्याच्या दृष्टीनं तीन पायऱ्या ध्यानात ठेवा.

पहिली पायरी तीन चॅनेलच्या कोॲक्सियल हेलिकॉप्टरची. वर-खाली, डावी-उजवी वळणं आणि पुढं-मागं, एवढंच ते करतं. आडवं सरकता येत नाही. सायमा कंपनीचं एस-१०७ हे या वर्गातलं जगभर खपलेलं नाव.

दुसरी पायरी चार चॅनेलच्या, एकाच मुख्य पंख्याच्या हेलिकॉप्टरची. डब्ल्यूएलटॉइजचं व्ही-९११ हे त्याचं उदाहरण. हे आडवंही सरकतं, म्हणजे खऱ्या हेलिकॉप्टरसारखं वागतं. रिमोट २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतो, त्यामुळं उन्हाची अडचण येत नाही. पात्यांचा कोन पक्का असतो, वर जायचं तर पंख्याचा वेग वाढवायचा.

तिसरी पायरी सहा चॅनेलच्या, पात्यांचा कोन बदलणाऱ्या हेलिकॉप्टरची. याला कलेक्टिव्ह पिच म्हणतात. पंखा एकाच वेगानं फिरत राहतो आणि पात्यांचा कोन बदलून हेलिकॉप्टर वर-खाली होतं. पाती उलट्या कोनात गेली तर ते उलटं होऊनही उडतं. व्हिडिओत दिसणाऱ्या कसरती याच वर्गातल्या. त्या पाहून पहिल्याच खेपेला हे यंत्र घेणारे बरेच असतात आणि पहिल्याच मिनिटात त्याची पाती, गिअर आणि शेपटी गमावतात.

विकत घेताना

पहिलं यंत्र पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपासचं असावं. इतकं हलकं यंत्र भिंतीवर आपटलं तरी सहसा फार मोडत नाही, कारण त्याच्या अंगात धक्क्याचा जोरच कमी असतो. तेच यंत्र अर्ध्या किलोचं असेल, तर एक पडझड महिन्याचा खर्च वाढवते. इन्फ्रारेडवरचं साधं हेलिकॉप्टर एक-दोन हजारांत मिळतं. रेडिओवरच्या चांगल्या चार चॅनेलला साधारण त्याच्या तिपटी-चौपटीनं पैसे लागतात.

पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. सुटी पाती, मुख्य गिअर, शेपटीचा दांडा आणि बॅटरी भारतात मिळते का? मिळत नसेल तर ते यंत्र कितीही देखणं असलं तरी घेऊ नका. बॅटरी काढून बदलता येते का? येत असेल तर तीन बॅटऱ्या घ्या. नाहीतर सहा मिनिटं उडवायचं आणि पाऊण तास चार्जिंगकडं बघत बसायचं, यात पोरांचा उत्साह जिरतो. रिमोट ‘मोड-२’चा आहे का? म्हणजे पंख्याचा जोर, ज्याला थ्रॉटल म्हणतात, तो डाव्या स्टिकवर हवा. एकदा हाताला एक मोड बसला की तो बदलणं फार जड जातं, म्हणून सुरुवातीपासून एकच ठेवा. आणि चौथं, लहान मुलासाठी खेळणं म्हणून घेत असाल तर आयएसआय खूण पाहा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ती बंधनकारक आहे.

परदेशातून परस्पर मागवण्याच्या भानगडीत पडू नका. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे आणि पार्सल त्या कचाट्यात अडकू शकतं. भारतातल्या छंद-साहित्य विक्रेत्याकडून पावतीसह घ्या.

जागा आणि हंगाम

आपला हंगाम निसर्गानं आखून दिलेला आहे. पावसाळ्यात वारं आणि चिखल. मार्चपासून दुपारचं झोंबणारं वारं आणि वावटळी. ऑक्टोबरअखेर गोदावरीवर बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे खाली उतरतात, साधारण त्याच सुमारास आपलं आभाळ उडवण्याजोगं होतं. तिथून फेब्रुवारीपर्यंतची सकाळ, सूर्य उगवल्यापासून तासा-दीड तासाची, ही सर्वांत उत्तम वेळ. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे लोट उठतात आणि लहान हेलिकॉप्टर त्यांत भोवंडतं. वारं जोखायला साधी युक्ती आहे: मुठीतली बारीक माती खांद्याइतक्या उंचीवरून सोडा. ती सरळ खाली पडली तर उडवा, हातभर लांब गेली तर त्या दिवशी घरात सराव करा.

घरात उडवायचं तर छताचा पंखा बंद, खिडक्या बंद आणि जागा किमान दहा बाय दहा फुटांची. लग्नसराई नसताना मंगल कार्यालयाचं सभागृह मिळालं तर त्यासारखं दुसरं काही नाही. शाळेची मोठी खोली रविवारी मागून पाहा. मुख्याध्यापकांना विज्ञान प्रदर्शनासाठी मदत करायची तयारी दाखवलीत, तर दार लवकर उघडतं.

बाहेर आखाड्यावर उडवणार असाल तर जमिनीकडं बघा. सोयाबीन काढलेल्या रानातली धसकटं पात्यांना करवतीसारखी लागतात. आपल्या काळ्या मातीत लोहाचे बारीक कण असतात आणि मोटारीतलं चुंबक ते ओढून घेतं. मोटार खरखरू लागते आणि लवकर संपते. म्हणून खळ्यावर किंवा धुऱ्याजवळच्या सपाट जागी बारदानाचं पोतं किंवा जाड पुठ्ठा अंथरा आणि उतरणं-चढणं तिथूनच करा.

कुठं उडवू नये हेही तेवढंच महत्त्वाचं. मिरचीच्या हंगामात जिथं मिरची वाळत असते त्याच्या आसपास अजिबात नको. पंख्याच्या वाऱ्यानं उठलेली मिरचीची धूळ डोळ्यांत गेली, तर उडवणाराही आंधळा आणि कामावरच्या बायाही. नदीपात्र आणि बंधाऱ्याचं पाणी टाळा, पाण्यात पडलेलं यंत्र परत येत नाही आणि ते काढायला गेलेल्या पोराचा जीव धोक्यात येतो. विजेच्या तारा, डीपी, रेल्वेमार्ग, दावणीची जनावरं, जत्रा आणि वराती यांच्यापासून दूर राहा. तारेत अडकलेलं हेलिकॉप्टर बांबूनं काढायचा प्रयत्न कधीही करू नका. ते गेलं असं समजा.

बॅटरी: लहान आहे, पण विस्तव आहे

या यंत्रात लिथियम-पॉलिमर बॅटरी असते, बोली भाषेत लायपो. एका सेलचा नेहमीचा दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. तीन व्होल्टच्या खाली गेली की ती कायमची खराब होते. म्हणून पंख्याचा जोर मंदावला, उंची आपोआप घटू लागली की ‘अजून एक चक्कर’ म्हणू नका, उतरवा.

चार्जिंगचा हिशेब सोपा आहे. ३०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह देऊ नका, म्हणजे क्षमतेच्या आकड्याएवढाच. उडवून आणलेली बॅटरी गरम असते, तिला पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या, मगच चार्जरला लावा. मातीच्या परळात किंवा फरशीवर ठेवून चार्ज करा, गादीवर किंवा सतरंजीवर नाही. रात्रभर लावून झोपू नका. भारनियमनाच्या वेळी पॉवर बँकवर यूएसबी चार्जर चालतो.

मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढं जातो. तेव्हा मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत बॅटरी ठेवणं म्हणजे संकटाला बोलावणं. महिनाभर उडवणार नसाल तर साधारण अर्धी भरलेली, सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा. बॅटरी फुगली की तिचं आयुष्य संपलं. तिला टोचू नका, कचऱ्यात पेटवू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.

पहिला महिना

उडवण्यापूर्वीचा क्रम कायम एकच ठेवा. थ्रॉटल शून्यावर आणा, आधी रिमोट चालू करा, मग हेलिकॉप्टर सपाट जागी ठेवून त्याची बॅटरी जोडा आणि दोन-तीन सेकंद त्याला हात लावू नका. त्या वेळात आतला जायरो, म्हणजे तोल जोखणारा संवेदक, ‘स्थिर म्हणजे काय’ हे ठरवत असतो. तेव्हा हात लागला तर पुढं सगळं उड्डाण तिरपं होतं. संपल्यावर उलटा क्रम: आधी हेलिकॉप्टर बंद, मग रिमोट.

पहिला आठवडा फक्त उठणं आणि उतरणं. शेपटी आपल्याकडं, नाक समोर, आपण तीन मीटर मागं. थ्रॉटल हळूहळू वाढवा. इथं एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: जमिनीला लागून उडणारं हेलिकॉप्टर स्वतःच्याच दाबलेल्या हवेच्या गादीवर घसरत राहतं. भीतीनं आपण त्याला वीतभर उंचीवरच ठेवतो आणि तिथंच ते सर्वांत जास्त डुलतं. धीर करून गुडघ्याच्या वर न्या, ते लगेच शांत होतं.

दुसरा आठवडा अधांतरी थांबण्याचा, म्हणजे हॉवरचा. जमिनीवर खडूनं हातभर चौकोन आखा आणि त्याच्यावर दहा सेकंद थांबवून दाखवा. मग वीस, मग तीस. हे कंटाळवाणं वाटेल, पण सगळी विद्या इथंच आहे. स्टिक ढकलून धरायची नसते, बोटानं टिचकी मारल्यासारखी हलवायची आणि सोडायची. हेलिकॉप्टर सरकलं की लगेच उलट टिचकी. एकाच दिशेला ते सारखं ओढत असेल तर रिमोटवरच्या ट्रिमच्या बटणानं तेवढं सुधारून घ्या.

१९ एप्रिल २०२१ रोजी नासाच्या इन्जेन्युइटी या हेलिकॉप्टरनं मंगळावर पहिलं उड्डाण केलं. १.८ किलोचं ते यंत्र आपल्या पहिल्या पायरीसारखंच दोन उलट फिरणाऱ्या पंख्यांचं होतं. त्या पहिल्या उड्डाणात ते तीन मीटर वर चढलं, थांबलं, वळलं आणि उतरलं. ३९ सेकंदांत सगळं आटोपलं. ज्यांनी ते वर्षानुवर्षं खपून घडवलं, त्यांनीही पहिल्या दिवशी यापेक्षा जास्त मागितलं नाही. पुढं त्याची एकूण ७२ उड्डाणं झाली.

तिसऱ्या आठवड्यात हेलिकॉप्टर बाजूला वळवून थांबवा, आधी डावीकडं तोंड करून, मग उजवीकडं. चौथ्यात नाक आपल्याकडं. इथं मेंदू गोंधळतो, कारण आता आपलं डावं त्याचं उजवं असतं. उपयोगी पडणारी खूण अशी: नाक आपल्याकडं असताना ते ज्या बाजूला कलेल, त्याच बाजूला स्टिक हलवा, जणू कललेल्या बाजूला टेकू देताय. हे अंगवळणी पडलं की गोल फेरा आणि आठाचा आकडा आपोआप येतो. कलेक्टिव्ह पिचकडं जायचं असेल तर आधी संगणकावर हेली-एक्स किंवा नेक्स्ट यांसारख्या सिम्युलेटरवर महिनाभर पडा. तिथली पडझड फुकट असते.

हल्ली काही लहान हेलिकॉप्टरांना पोटाखाली छोटा कॅमेरा असतो. तो जमीन पाहून यंत्राला जागेवर धरतो. सुरुवातीला त्याची मदत जरूर घ्या, पण गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर किंवा अंधारात त्याला धरायला खूणच सापडत नाही आणि यंत्र वाहवत जातं. तिथं नक्षीची सतरंजी अंथरा. इन्जेन्युइटीचा शेवटही जानेवारी २०२४ मध्ये अशाच कारणानं झाला. वाळूच्या, फारशा खुणा नसलेल्या पट्ट्यावर त्याच्या कॅमेऱ्याला वेगाचा अंदाज नीट लागला नाही, उतरताना पाती मोडली.

पडल्यावर

एक प्रतिक्षिप्त सवय लावून घ्या: काहीही बिघडलं, कशालाही धडकणार असं दिसलं की आपटण्याआधी थ्रॉटल शून्य. वाचवण्यासाठी जोर वाढवाल तर पाती फिरत्या अवस्थेत आपटतात आणि गिअरचे दाते जातात. थांबलेली पाती पडली तर बहुतेकदा काहीच होत नाही. ही सवय इतकी मोलाची आहे की पहिल्या दिवशी मुद्दाम दहा वेळा कमरेएवढ्या उंचीवरून गादीवर पाडून तिचा सराव करा.

दुरुस्तीचं बरंचसं काम लक्षणांवरून ओळखता येतं. हेलिकॉप्टर थरथरत असेल तर पातं चिरलंय किंवा दांडा वाकलाय. एका बाजूला गरगरत असेल तर शेपटीची मोटार थकली आहे किंवा तिची तार सुटली आहे. जोर लावूनही उठत नसेल तर बॅटरी, नाहीतर दांड्याला गुंडाळलेला केस किंवा कापसाचा धागा. आपल्याकडं कापूस वेचणीच्या दिवसांत हे फार घडतं. चिमट्यानं धागा काढा, यंत्र नवं झाल्यासारखं उठेल. चिरलेलं पातं फेविक्विकनं जोडून वापरू नका. फिरताना तो तुकडा सुटून डोळ्यात जाऊ शकतो. फवारणीच्या वेळी वापरतो तो प्लॅस्टिकचा चष्मा उडवणाऱ्यानं आणि जवळच्या पोरांनी घालावा. ओढणी, मोकळे केस आणि बोटं पंख्यापासून लांब ठेवा. खाली येणारं हेलिकॉप्टर हातानं झेलू नका.

नियम आणि शेजारी

२५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारचे ड्रोन नियम लागू झाले. त्यांत वजनावरून वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढं २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला आणि हौसेसाठी उडवलेल्या मायक्रोला पायलटचा परवाना लागत नाही. शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोच्या आतल्या यानाला हे नियम ‘मॉडेल’ म्हणतात आणि त्याला टाइप सर्टिफिकेटची अट नाही. नोंदणीची अट तुमच्या यंत्राला कशी लागू होते हे विकत घेण्यापूर्वीच सरकारच्या डिजिटल स्काय व्यवस्थेवर पाहून घ्या. तिथल्या नकाशात हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते, हे नांदेड किंवा लातूरच्या विमानतळाजवळ राहणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावं. आपल्या सरावाला तीस फूटही पुष्कळ झाले. सभा, दौरे, निवडणुका अशा वेळी उड्डाणबंदीचे आदेश निघतात, तेव्हा यंत्र घरातच ठेवा.

कायद्याइतकाच शेजाऱ्याचा विश्वास लागतो. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी गावंच्या गावं जागी राहिली होती. लोकांची ती भीती समजून घ्या. अंधारात उडवू नका. पहिल्यांदा उडवण्याआधी आजूबाजूच्या घरांत आणि वावरांत जाऊन यंत्र हातात देऊन दाखवा: यात चित्रीकरण होत नाही, वजन एवढं, आवाज असा. आपल्या सीमेवरच्या गावात हे मराठीत, तेलुगूत आणि उर्दूतही सांगावं लागेल. चहाच्या एका कपात हे काम होतं.

शेवटी, मनातलं

ऑगस्ट २०२१ मध्ये पैनगंगेच्या पलीकडं, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात, एका तरुण वेल्डरनं स्वतःच्या हातांनी माणूस बसेल असं हेलिकॉप्टर बांधलं होतं. चाचणी घेताना पंखा तुटला आणि त्याचा घाव डोक्याला बसून तो गेला. ती बातमी मला अजून सोडत नाही. त्याच्या हातांत कसब होतं, मनात धमक होती. चूक झाली तरी माणूस वाचेल अशी लहान पायरी त्याच्या वाट्याला आली नव्हती. असे हात आपल्या आयटीआयमध्ये, गॅरेजांत आणि पंप दुरुस्तीच्या दुकानांत आजही आहेत. पन्नास ग्रॅमचं हेलिकॉप्टर त्यांना तीच पायरी देतं. पीळ, तोल, कंप, पात्याचा थकवा हे सगळं त्यात असतं, आणि झालेली चूक चिमटा व नव्या पात्यानं भरून निघते.

तुमचा सराव सुरू झाला की चार-सहा दिवसांत धुऱ्यावर एखादं पोरगं येऊन उभं राहील. ते काही मागणार नाही, नुसतं बघत राहील. त्याला जवळ बोलवा, चष्मा घाला आणि रिमोट त्याच्या हातात द्या. उडवायचं नंतर शिकवा. आधी डावा अंगठा खाली ओढून यंत्र थांबवायला शिकवा, दहा वेळा. मग म्हणा, आता उचल.